पाहुण्यांचा डाव

वाल्मिकनं ते सांगितलं तेव्हा तो भजी खात होता आणि त्याच्या बोलण्यात कसलीही खोच नव्हती. पुण्याकडं जाणारी गाडी कर्जतला उभी होती. घाट चढायचा म्हणून मागून इंजिन जोडायचं काम चाललं होतं. विजेची इंजिनं येऊन तीन-चार वर्षं झाली, तरी गाडी कर्जतला थांबायची ती थांबतेच आणि लोक उतरून पाय मोकळे करतात, काहीबाही खातात, तांबे भरून घेतात. आबाजी फलाटावर आला होता तो तांदळाची पोती डब्यात नीट चढली की नाही ते बघायला. भाताच्या गिरणीत तो काट्यावर बसायचा. पण गावात त्याला ओळखत ते काट्यामुळं नव्हे, हुतुतूमुळं. बाजारपेठेच्या संघाचे सामने ठरवायचे, गडी जमवायचे, त्यांना गाडीत बसवून न्यायचं आणि जमल्यास हातीपायी धड परत आणायचं, हा त्याचा खरा धंदा होता. वाल्मिक हा लोणावळ्याच्या संघाचा असाच चालक. मार्गशीर्षात आबाजीचा संघ त्यांच्या मैदानावर जाऊन त्यांना हरवून आला होता. दोघांनी खुशाली विचारली. माघात खालापूरला सामने आहेत ना, तयारी कशी काय, असं वाल्मिकनं विचारलं, आणि आबाजीनं जरा छाती काढूनच सांगितलं, की तुम्हाला हरवल्यापासून गड्यांना जोर आलाय. वाल्मिक हसला. कागदाला बोटं पुसत म्हणाला, "अहो, तो शेवटचा तर पाहुण्यांचा डाव. पहिल्यांदा आलेल्या संघाला आम्ही हरवून धाडत नाही. तुमच्यात नाही तसं?"

"आहे की," आबाजी म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गाडी गेली तरी तो फलाटावरच उभा होता. त्यांच्यात तसं नव्हतं. कर्जतला संघ आला की त्याला आधी पाणी द्यायचं, मग मैदानात मनसोक्त आपटायचं आणि मग पोटभर जेवू घालायचं, अशी रीत. जेवणात हात आखडता घ्यायचा नाही आणि खेळातही नाही. घाटावरच्या लोकांचं घाटावरच्या लोकांना ठाऊक. मधे एक डोंगर आहे, गाडी तो घटकाभरात चढते, आणि वर माणसं इतकी वेगळी वागतात हे इतक्या वर्षांत आपल्या कानावर कसं आलं नाही, याचाच त्याला आधी राग आला. दुःख बिःख नंतर. आधी नुसतं अंगाला काहीतरी चावल्यासारखं झालं. बाजारातून गिरणीकडं चालताना दोन दुकानदारांनी त्याला हाक मारली, एकानं विचारलं, काय मंडळी, खालापूर मारणार ना. आबाजीनं मान हलवली. पानाच्या गादीवरचा आरसा दिसला तेव्हा त्यानं त्यात मुद्दाम पाहिलं नाही. शेवटचा डाव. म्हणजे दुसरा तरी आपला होता का? लोणावळ्याला पहिला डाव गेला होता, दुसरा मिळाला होता, तिसरा मिळाला होता. तिसरा दिलेला. दुसऱ्याबद्दल वाल्मिक काही बोलला नव्हता. दुसराही देऊन टाकला असता तर तो तसं म्हणाला असता. म्हणाला नाही, म्हणजे तो आपला असणार. किंवा आधीच ठरवलं असेल की दोन्ही देऊन टाकू, पाहुणे लांबून आलेत. हे कुणाला विचारणार?

खरं तर हे सगळं सुरू झालं होतं गेल्या वर्षीच्या खालापुरानं. माघातले ते सामने दोन तालुक्यांतल्या संघांचे. तिथं कुणाशी गाठ पडेल ते चिठ्ठी ठरवते, आपल्या हातात काही नाही. आपल्या हातात असतात ते भात कापून झाल्यापासून माघापर्यंतचे रविवार. ते कुणाशी खेळायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गेल्या वर्षी आबाजीनं ते आसपासच्या गावांशी खेळवले होते. गडी सकाळी चालत जायचे, दुपारी जिंकायचे आणि संध्याकाळी गुलाल घेऊन परत यायचे. प्रत्येक रविवारी गुलाल. आबाजीची बायको चंद्राबाई म्हणायची, धोतर धुऊन धुऊन माझे हात तांबडे झाले, एकदा हरून या की. आणि मग खालापूरला पहिलीच चिठ्ठी साजगावची निघाली. साजगावचे गडी अंगानं काही मोठे नव्हते. पण त्यांनी पकड घातली की ती सुटत नसे, आणि कर्जतच्या गड्यांना न सुटणारी पकड ठाऊकच नव्हती. सगळा हंगाम त्यांनी ती पाहिलीच नव्हती. आबाजी कडेला उभा राहून बघत होता आणि त्याला एवढंच दिसत होतं, की आपल्या माणसांच्या तोंडावर हरण्याचं दुःख नाही, नवल आहे. ते नवल त्याच्या मनातून वर्षभर गेलं नाही. काट्यावर बसल्या बसल्या त्याला ते दिसायचं. म्हणून या वर्षी त्यानं ठरवलं, की जे आपल्याला हरवतील त्यांच्याकडंच जायचं.

धाकलूला हे अजिबात पटलं नव्हतं. धाकलू संघाचा कप्तान, कर्जतच्या कडेला भातशेती करणारा, बोलण्यात तिखट आणि मैदानात त्याहून तिखट. तो गिरणीत येऊन काट्याच्या पारड्यावरच बसला होता. "आपल्या जोगतं बग की रं," तो म्हणाला होता. "जितून जितून गड्याला जोर येतो. हरून काय येतंय?" आबाजीनं त्याला साजगावची आठवण करून दिली. धाकलू म्हणाला, त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. त्यावर वाद संपला नाही, पण सामने आबाजीनंच ठरवायचे असल्यामुळं त्यानं ते ठरवले. आधी कल्याण. तिथं हरले. कल्याणकरांनी जेवायला बसवलं तेव्हा संघातल्या शुक्राचं पान पंगतीच्या टोकाला वेगळं मांडलं, कारण शुक्रा ठाकूरवाडीचा ठाकर. आबाजी आपलं पान उचलून त्याच्याशेजारी जाऊन बसला, मग कुरकुरत धाकलूही आला, मग सगळेच आले आणि पंगत उलट्या बाजूनं सुरू झाली. त्या दिवसाचं तेवढंच चांगलं आठवतं. मग मुंबईच्या एका कापडगिरणीचा संघ. तिथं तर हरणं म्हणायलाही जीव धजेना. गिरणीच्या गड्यांना खेळण्यासाठीच नोकरीवर घेतलेलं, ते रोज खेळायचे. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. कोपऱ्यात पकड करणारा नागू खिडकीशी बसून खांदा चोळत होता आणि धाकलू दर स्टेशनाला आबाजीकडं बघत होता. घरी आल्यावर चंद्राबाईनं पाठीला हळदीचा लेप लावायला घेतला, मग तिच्या लक्षात आलं की हा तर नुसता कडेला उभा होता. तरी तिनं लावला. म्हणाली, "जिंकायला जाता की मार खायला, एकदा काय ते ठरवा."

मुंबईहून मारापेक्षा वेगळंच काहीतरी मागं लागलं. त्या सामन्यात एकटा शुक्रा उठून दिसला होता. शुक्रा घाटात रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ ठोकणं, पावसाळ्यात पडलेल्या दरडी हटवणं हे त्याचं काम. आबाजीला तो सापडला तो बाजाराच्या दिवशी, उल्हासच्या वाळूत चारचौघांशी गमतीनं खेळताना. दम घेऊन तो समोरच्या अंगणात शिरला, की त्याला परत यायचं आहे हे विसरून लोक त्याच्याकडं बघत राहत, इतका त्याचा दम लांब. कापडगिरणीच्या माणसानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, इकडं ये, काम देतो, राहायला जागा देतो. शुक्रानं सांगितलं, खालापूर झाल्यावर बघू. त्यांचा निरोप आला, की आमचे सामने आधी आहेत, यायचं तर आत्ताच, सोमवारी आमचा माणूस कर्जतला येईल, त्याच्याबरोबर निघ, नाहीतर दुसरा गडी बघतो. हे शुक्रानंच आबाजीला येऊन सांगितलं होतं आणि आपण जात नाही असंही सांगितलं होतं. तेव्हा आबाजीला मनातून जे वाटलं ते चांगलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं. जड सामने लावले म्हणजे आपला सगळ्यांत चांगला माणूस जगाला दिसतो आणि जग त्याला उचलून नेतं, हे त्यानं सामने ठरवताना धरलंच नव्हतं. पण शुक्रा राहतोय, कारण आता आपण जिंकायला लागलोय, लोणावळ्यासारख्या संघाला आपण पाडलंय, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. लोणावळ्यानं सगळं फिरवलंच होतं. परतीच्या गाडीत धाकलूनं भर डब्यात कबूल केलं, की आबाजीचं बरोबर होतं. धाकलूनं असं काही कबूल करणं म्हणजे नवलच. आबाजीनं स्टेशनवरून उतरल्या उतरल्या बाजारात जिलबी वाटली. मैदानाच्या कडेला उभं असतानाच त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं. त्यानंतर सरावाला लोक वेळेवर यायला लागले. नागू पकड सोडेनासा झाला. जे घडलंच नव्हतं त्याच्या जोरावर ही माणसं खरोखर चांगली खेळायला लागली होती, आणि हे आबाजीला काट्यावर बसून कुठल्याच बाजूनं तोलता येईना.

शनिवारभर तो पोत्यांची वजनं चुकला. गिरणीत भुसा उडत होता, पट्टा फटफटत होता, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सांगायचं की नाही. सगळ्यांना नको, पण शुक्राला? शुक्रा एका दिलेल्या डावावर विसंबून पोटापाण्याची नोकरी नाकारतोय. सांगितलं तर तो सोमवारी जाईल, आणि तो गेला की खालापूरला आपण गेल्या वर्षीसारखेच. पुन्हा ते नवल. पुन्हा धाकलूचं तोंड. नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? वाल्मिक काही रोज घाट उतरत नाही. खालापूर जिंकलो तर तो डाव मागाहून खराच झाला असं म्हणता येईल. आबाजीला हा विचार इतका पटला, की त्यानं तो पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि दर वेळी तो थोडा कमी पटला. जेवताना चंद्राबाईनं विचारलं, काय झालंय. त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, शुक्राच्या आईनं मागं रानातले करांदे पाठवले होते, तिला थोडे तांदूळ घेऊन जा. एवढंच. म्हणजे जा आणि सांग, असं. तिच्याशी वाद घालण्यात त्या दिवशी अर्थ नव्हता.

रविवारी सकाळी तो पॅसेंजरनं ठाकूरवाडीला उतरला. तिथं गाडी थांबल्यासारखी करते आणि निघते. रुळांच्या कडेनं थोडं चालून वाडीची वाट लागते. थंडी होती, दरीत धुकं होतं, आणि आबाजीला दम लागला होता. सामने ठरवणाऱ्या माणसाला चढावर दम लागतो हे कुणी पाहिलं नाही म्हणून त्याला बरं वाटलं. शुक्रा घरासमोर लाकडं फोडत होता. त्याची आई भागी हिनं तांदूळ घेतले, आत नेऊन ठेवले आणि कोरा चहा आणून दिला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग आबाजीनं सांगून टाकलं. वाल्मिक भेटला होता. तो डाव त्यांनी दिला होता. आपण जिंकलो नव्हतो. तुला नोकरीचं ठरवायचंय म्हणून सांगतोय. बोलताना तो चहाच्या कपाकडं बघत होता. बोलून झाल्यावर त्यानं वर पाहिलं, तर शुक्राच्या तोंडावर नवल नव्हतं.

"मला तवाच कळलं व्हतं, दादा," शुक्रा म्हणाला.

आबाजीनं विचारलं, कसं. शुक्रानं कुऱ्हाड खाली ठेवली. "धरला व्हता त्यानं मला. चांगला धरला व्हता, घोट्याला. मी संपलोच व्हतो. मंग सोडला त्यानं. सुटणं येगळं आनि सोडणं येगळं, पायाला कळतंय." मग बोलला का नाहीस, हे आबाजीला विचारावंही लागलं नाही. शुक्रा आपणहून म्हणाला, "तुमी कडंला रडत व्हता. मंग बाजारात जिलबी वाटली. कसं सांगू?" भागीनं आतून काहीतरी विचारलं, त्यानं तिला वाडीच्या बोलीत उत्तर दिलं. मग तो पुन्हा आबाजीकडं वळून म्हणाला, की नोकरीचं मनात धरू नका, मी जात नाय, खालापूर खेळून घेऊ, तुमी एवढं वर्षभर मरमर केली.

समोर दरीतून एक मालगाडी चढत होती, तिचा आवाज आधी आला आणि डबे बऱ्याच वेळानं दिसले. म्हणजे हा जिंकायचं म्हणून राहत नव्हता. याला सगळं ठाऊक होतं. आपला संघ कुठवर आहे, साजगाव कसं आहे, मुंबईची गिरणी काय देते, सगळं. आणि तरी हा थांबला होता, कारण समोरचा माणूस लांबून आलाय, त्याला हरवून कसं पाठवायचं. लोणावळ्यानं जे एका डावापुरतं केलं तेच शुक्रा आपली नोकरी टाकून आबाजीसाठी करत होता. आबाजीला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, खोटं कशाला बोलायचं, फार बरंही वाटलं. आपल्यासाठी कुणी एवढं करतं हे कुणाला आवडणार नाही? अजूनही गप्प राहता येत होतं. तो बरं म्हणाला असता तर शुक्रा लाकडं फोडायला लागला असता, आणि खालापुरात तो आपल्या बाजूनं उतरला असता. त्याला शुक्रा हवा होता. वर्षभर त्यानं जे काही केलं ते सगळं याच माणसाच्या दमावर केलं होतं.

"मुंबईच्या गड्यांनी सोडला होता पाय?" त्यानं विचारलं.

शुक्रा हसला. नाय, म्हणाला, ते नाय सोडत. त्यांच्या हातात आपण गेलो की गेलो. हे सांगताना त्याचा चेहरा आबाजीनं पाहिला. मुंबईहून येताना गाडीत सगळे गप्प होते तेव्हा शुक्राही गप्प होता, पण तो बाकीच्यांसारखा गप्प नव्हता, हे आबाजीला आता कळत होतं. त्याला तिथं मजा आली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी नीट धरलं होतं.

"मग जा," आबाजी म्हणाला. "मला नको तो डाव. उद्या मी येतो स्टेशनात, त्या माणसाशी मी बोलतो."

शुक्रानं खाली ठेवलेली कुऱ्हाड उचलून ओंडक्यात रोवली. मग म्हणाला, "खालापूर हराल तुमी." आबाजी म्हणाला, हरू. आणि उरलेला चहा त्यानं एका घोटात संपवला. सोमवारी तो स्टेशनवर गेला, त्या माणसाशी जागेचं आणि कामाचं नीट बोलला, आणि शुक्रा गाडीत चढला. संध्याकाळी सरावाला आबाजीनं सगळ्यांना सगळं सांगितलं, लोणावळ्यासकट. धाकलूनं त्याला इतक्या शिव्या दिल्या, की बाजारातले लोक बघायला आले. शेवटचा एक रविवार मोकळा होता. धाकलू ओरडला, आता तरी जवळपासचं एखादं गाव घे. आबाजीनं कल्याणलाच पुन्हा निरोप धाडला. पुन्हा हरले.

खालापूरला देवळामागच्या माळावर मैदान आखलं होतं. पहिलीच चिठ्ठी साजगावची नव्हती. ती दुसरी निघाली, म्हणजे एक सामना कर्जतचे गडी जिंकून आले होते. साजगावशी पहिला डाव गेला. दुसरा नागूनं दोन पकडी करून ओढून आणला. तिसऱ्यात शुक्रा नव्हता हे दिसायला लागलं. समोरच्या अंगणात खोल शिरून परत येणारा कुणी उरला नव्हता. धाकलू शेवटचा गडी होता, त्याला तिघांनी धरला, आणि तो त्या तिघांना ओढत मधल्या रेघेच्या हातभर अलीकडं संपला. आबाजी कडेला उभा राहून आपल्या माणसांची तोंडं बघत होता. दमलेली, संतापलेली, मातीनं भरलेली. नवल कुणाच्याच तोंडावर नव्हतं.

पाणी प्यायला सगळे एका आंब्याखाली बसले. धाकलूचं कोपर सोललं होतं, त्यावर तो माती दाबत होता. आबाजी त्याच्यापासून जरा लांबच बसला, कारण आता शिव्या येणार हे उघड होतं. धाकलूनं तांब्या खाली ठेवला.

"पुढल्या साली त्या मुंबैच्या गिरनीशी लाव रं," तो म्हणाला.

आबाजी म्हणाला, शुक्रा असेल त्यांच्यात.

"म्हनून तर." धाकलू नागूकडं सरकला आणि त्याचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. शुक्राला घोट्याला धरायचं नाही, तो सांगायला लागला, घोट्यातून तो निसटतो, त्याला पोटरीला धरायचं, दोन्ही हातांनी, असा, आणि छाती वर टाकायची. नागू कळवळला आणि पाय ओढायला लागला, पण धाकलूनं सोडला नाही.